गाडी लावता येते का?

'सेटअप' या शब्दाला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यात घोळतोय. निवृत्त मास्तरणीला दुसरं काम काय! आपल्याकडे तंबोरा लावतात, तबला लावतात, घड्याळ लावतात, दुधाला विरजण लावतात, पोराला शिस्तसुद्धा लावतात. एखादी गोष्ट नीट चालेल अशा बेताने जुळवून घेणं म्हणजे लावणं. इतकं चपखल क्रियापद हाताशी आहे, पण 'गाडी लावली' म्हटलं की आमच्या कामणमध्ये तरी एकच अर्थ होतो : रस्त्याच्या कडेला उभी केली! तेव्हा नाइलाजाने मीही सेटअपच म्हणते.

तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या बाईंना गाडीच्या सेटअपशी काय देणंघेणं? तर त्याचं असं आहे. माझा नातू सिम रेसिंग करतो. सिम म्हणजे सिम्युलेटर. कॉम्प्युटरवर शर्यतीची गाडी चालवायची, पण बटणं दाबून नव्हे. टेबलाला खरंखुरं स्टेअरिंग, खाली पेडल, समोर पडदा. गाडी घसरली की स्टेअरिंग हाताला हिसका देतं, हलकं पडतं. त्याचं स्टेअरिंग कोणीतरी वापरून विकलेलं आहे आणि स्टँड इथल्याच एका गाळ्यात चौकोनी पाइप वेल्डिंग करून बनवून घेतलेला आहे. बाहेर चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर कंटेनरची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि आतल्या खोलीत आमचे चिरंजीव इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर ताशी अडीचशेच्या वर निघालेले असतात. मधूनच वीज जाते. मग मोंझाही जातं आणि पंखाही.

सुरुवातीला मला हा नुसता खेळ वाटला. पण शेजारी बसून पाहू लागले तेव्हा लक्षात आलं की शर्यतीच्या आधी हा मुलगा अर्धा-अर्धा तास नुसते आकडे बदलत बसतो. टायरमधली हवा किती. मागच्या विंगचा कोन किती. ब्रेक दाबला की त्यातला किती जोर पुढच्या चाकांवर जावा आणि किती मागच्या, याला म्हणे ब्रेक बायस म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलते, ते कलणं आवरणारा अँटी-रोल बार पुढे किती कडक, मागे किती. चाक उभं सरळ की किंचित आत झुकलेलं. हे सगळं मिळून सेटअप. तीच गाडी, तोच ट्रॅक, तोच चालक, पण हे आकडे बदलले की गाडीचा स्वभाव बदलतो.

आता मुद्द्यावर येते. नातवाबरोबर त्याचा एक मित्र येतो, इथून जवळच्याच एका पाड्यावरचा. त्याच्या घरी कॉम्प्युटर नाही. एक दिवसाआड संध्याकाळी तो येतो आणि दोघं आळीपाळीने चालवतात. मी काही जाणकार नाही, पण पन्नास वर्षं पोरं पाहिलेली नजर आहे. त्या मुलाच्या हातात काहीतरी आहे. स्टेअरिंगवर त्याचे हात शांत असतात. त्याला आकड्यांतलं मात्र फारसं काही कळत नव्हतं. नातू जो सेटअप भरून देईल त्यावर तो चालवायचा. एका रात्री शर्यत झाल्यावर, बरोबर खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याला हेडफोनवर ऐकवलं, "तुला सेटअपमधलं काही कळत नाही, तर शर्यतीत येतोस कशाला?" त्यानंतर दोन आठवडे तो आलाच नाही.

नातू म्हणाला, "अगं आजी, ते बोलणारे तसेच असतात. सोड ना." मला काही ते सोडवेना. कारण प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. एखाद्या गोष्टीचं शास्त्र येत नसेल तर ती गोष्ट करायचा हक्क माणसाला आहे की नाही? आणि हक्क आहे म्हटलं, तर मग शास्त्र शिकायची गरजच नाही का?

आधी त्या मुलाची बाजू घेते. सेटअप कळायलाच हवा, असं खुद्द मोठमोठ्या शर्यती भरवणारेही म्हणत नाहीत. २०२० मध्ये करोनामुळे जगभरच्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा फॉर्म्युला वनने आपल्या शर्यती आभासी ट्रॅकवर भरवल्या. लेक्लेर, नॉरिस, रसेल असे खरे फॉर्म्युला वनचे चालक आपापल्या घरी बसून त्यांत उतरले होते. त्या शर्यतींत सगळ्या गाड्यांची ताकद सारखी ठेवली होती आणि सेटअपही सगळ्यांना एकच, ठरवून दिलेला होता. म्हणजे ज्यांचं आयुष्य सेटअपच्या चर्चेत गेलं त्यांनीही ती खिडकी बंद ठेवून शर्यत केली, आणि ती शर्यत नव्हती असं कोणी म्हटलं नाही.

आयरेसिंग नावाचं एक मोठं सिम्युलेटर २००८ पासून चालू आहे. त्यात दोन्ही प्रकारच्या शर्यती असतात. एक ठरीव सेटअपच्या आणि दुसऱ्या खुल्या, जिथे ज्याने त्याने आपला सेटअप आणायचा. ग्रॅन टुरिस्मोमध्येही रोजच्या बऱ्याच शर्यतींत आकडे बदलायची मुभा नसते. यामागे सरळ विचार आहे. दिवसभर कामावर राबून आलेल्या माणसाकडे तासभर असतो. तो तास त्याने गाडी चालवण्यात घालवावा की आकडेमोडीत? शिवाय आता वर्गणी भरून तयार सेटअप विकत मिळतात. खुल्या शर्यतीत ज्याच्या खिशात पैसे त्याच्याकडे चांगला सेटअप, असंही होऊ शकतं. ठरीव सेटअपमध्ये निदान हा भेद नाही. पाड्यावरचा पोरगा आणि लंडनमधला पोरगा एकाच गाडीत बसतात. मला हे फार आवडलं. शाळेच्या गणवेशामागेही हाच विचार होता, नाही का?

आता दुसरी बाजू. ती मला माझ्या धंद्यामुळे चांगलीच ओळखीची आहे.

दहावीच्या वर्गाला शिकवलेल्या कोणाही शिक्षकाला विचारा, परीक्षा जवळ आली की पोरांच्या हातात क्रमिक पुस्तक नसतं, अपेक्षित प्रश्नसंच असतो. निबंधसुद्धा पाठ केलेला. 'माझा आवडता ऋतू' पाठ करून गेलेल्या मुलाला 'पावसाळ्यातील एक दिवस' आला की तो तेच उत्तर लिहून येतो, फक्त शीर्षक बदलून. मार्क मिळतातही. पण एखाद्या वर्षी प्रश्न वेगळ्या अंगाने विचारला की पंचाईत. उत्तर आहे, पण ते या प्रश्नाचं नाही.

उतरवून घेतलेल्या सेटअपचं अगदी असंच होतं. नातू जे सिम्युलेटर वापरतो, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने नावाचं, इटलीतल्या कुनोस कंपनीचं, त्यात जीटी-३ प्रकारच्या गाड्यांचे कोरड्या ट्रॅकवरचे टायर तापल्यावर त्यांतली हवा साधारण २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान असेल तर पकड उत्तम राहते. आता युरोपातल्या कोणा वेगवान चालकाने हवा थंड असताना सेटअप तयार केला. तोच आपण भर उन्हाच्या शर्यतीत भरला. ट्रॅक जास्त तापलेला, म्हणून टायर जास्त तापतो, आतली हवा फुगते, आकडा वर जातो आणि पकड सुटते. चालकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. चुकलेलं काहीच नसतं, फक्त प्रश्न बदललेला असतो आणि उत्तर जुनं असतं.

दुसरीही गंमत आहे. फार वेगवान चालकाचा सेटअप बहुधा चंचल असतो. गाडीचं मागचं अंग सैल ठेवलेलं असतं, कारण त्यामुळे ती वळणात पटकन तोंड फिरवते. ज्याचे हात तयार आहेत त्याला ते सोयीचं. नवशिक्याच्या हातात तीच गाडी गरागरा फिरते. त्याच सिम्युलेटरमध्ये गाडीला 'सेफ' आणि 'अ‍ॅग्रेसिव्ह' असे तयार सेटअप दिलेले असतात. पोरं नावाला भुलतात आणि दुसरा उचलतात. शांत, सांभाळून घेणारी गाडी कोणाला नको असते, कारण तिचं नाव भित्रं आहे.

मग करायचं काय? एकीकडे 'काही कळायची गरज नाही, नुसतं चालव' आणि दुसरीकडे 'सगळं कळल्याशिवाय येऊ नको'. मला दोन्ही पटत नाहीत. यातून वाट काढताना मला मिरजेची आठवण झाली.

मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुरा बनवणं, भोपळा निवडणं, घोडीवरची जवारी काढणं हे तिथल्या कारागिरांचं काम. गायकाला जवारी काढता यावी अशी कोणी अपेक्षा करत नाही. ती बिघडली की तो कारागिराकडे जातो. पण तानपुरा स्वरात लावणं मात्र गायकाला स्वतःला यावं लागतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जवारी बिघडली आहे हे त्याच्या कानाला कळावं लागतं. 'काहीतरी बरोबर नाही' एवढं म्हणून चालत नाही. तार बोलत नाही, की जास्त झणझणते, की एकच तार मंद वाजते, हे सांगता आलं पाहिजे. हल्ली इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, बटण दाबलं की सूर. रियाजाला उत्तम! पण त्यावर वाढलेल्या कानालाही सूर हलला की कळायला हवंच.

म्हणजे कामाच्या तीन पायऱ्या झाल्या. बिघाड ओळखणं, तो शब्दांत सांगणं आणि तो दुरुस्त करणं. तिसरी पायरी दुसऱ्याची असू शकते. पहिल्या दोन ज्याच्या हातात वाद्य आहे त्याच्याच.

मोटारींच्या जगातही हेच दिसतं. निकी लाउडा हा ऑस्ट्रियाचा चालक १९७४ मध्ये फेरारीकडे आला. फेरारीने १९७२ मध्ये फिओरानोला स्वतःचा चाचणी ट्रॅक बांधलेला होता. लाउडा तिथे तासन् तास गाडी चालवायचा आणि ती कुठे, कशी कमी पडते ते परखडपणे सांगायचा. तो काही इंजिनिअर नव्हता. गाडी सुधारायची माउरो फोर्गिएरी आणि त्यांच्या माणसांनी. पण काय सुधारायचं हे कळायला लाउडाचं ते सांगणं लागायचं. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७७ मध्ये तो फेरारीतून जगज्जेता झाला.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचा जेहान दारूवाला घ्या. २०२० मध्ये तो फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांच्या गाड्या एकाच कारखान्याच्या, इंजिनं एकाच बनावटीची, टायरही एकाच कंपनीचे. मग फरक कुठे पडतो? चालवण्यात आणि सेटअपमध्ये. आणि शर्यतींच्या त्या दोन-तीन दिवसांत सराव मिळतो अवघा पाऊण तास. त्या ४५ मिनिटांत चालकाने गाडी चालवायची, परत यायचं आणि इंजिनिअरला सांगायचं की कुठे काय होतंय. 'गाडी बरोबर नाही' म्हणून तिथे भागत नाही. वळणात शिरताना, वळणाच्या मधोमध की बाहेर पडताना? पुढचं अंग सुटतं की मागचं? हे ज्याला नेमकं सांगता येतं त्याचा पाऊण तास सार्थकी लागतो.

सिम रेसिंगमध्ये तर हे जास्त अवघड आहे, असं मला वाटतं. खऱ्या गाडीत चालकाला बसल्या जागी, पाठीला आणि कमरेला गाडी कळते. नातवाच्या खोलीत खुर्ची हलत नाही. डोळे, कान आणि स्टेअरिंगचा हिसका, एवढ्यावरच सगळं ओळखायचं. शिवाय तिथे इंजिनिअर नसतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच!

इथवर विचार झाला आणि मग एका संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांशी बोलणं झालं. ते टेम्पो चालवतात, गाळ्यांतला माल भिवंडीच्या गोदामांत पोचवतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी त्यांना सहज विचारलं, "भाऊ, तुम्हाला गाडीतलं किती कळतं?"

"मला काय कळतंय, बाई? मी काय मिस्त्री आहे का?"

"मग गाडी बिघडली तर गॅरेजवाल्याला काय सांगता?"

"ते सांगतो की. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. भरलेली असली की मागून डुलते. चाळीसच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतं, खाली आलं की थांबतं. मग तो बघतो, पाटा बसलाय का, लायनर गेलेत का, का व्हील बॅलन्सिंग करायचंय."

मला तिथल्या तिथे टाळी द्यावीशी वाटली. 'मला काही कळत नाही' म्हणणारा हा माणूस एका दमात तीन वेगवेगळे बिघाड, तीन वेगवेगळ्या वेळा आणि तीन वेगवेगळ्या जागा सांगून मोकळा झाला होता. हे कळणं नाही तर काय आहे? फक्त त्याला इंग्रजी नाव नाही आणि आकडा नाही, म्हणून ते अडाण्याचं ठरतं.

आणि हेच मी आयुष्यभर शाळेत पाहिलं. वसई तालुका म्हणजे बोलींचं गाठोडं. आगरी, वाडवळी, सामवेदी, वारली, किती नावं घ्यावीत! पाड्यावरून येणारी मुलं पहिल्याच दिवशी ऐकतात की त्यांचं बोलणं अशुद्ध आहे. ज्या पोराला रानातल्या पन्नास झाडांची नावं येतात, ते पोर वर्गात तोंड उघडत नाही, कारण त्याला 'णीट' आणि 'नीट' यातला फरक जमत नाही. साहित्य महामंडळाचे लेखनाचे १८ नियम मी हजारो मुलांना शिकवले आणि ते शिकवायलाच हवेत असं मी आजही म्हणते. ज्याला नियम येत नाहीत तो पुढे अर्जात, मुलाखतीत, नोकरीत अडतो. पण नियम हे दारावरचे पहारेकरी नव्हेत. आधी पोराला बोलू द्यावं, त्याला जे दिसतं ते त्याच्या शब्दांत सांगू द्यावं. व्याकरण मागाहून येतं आणि तेव्हा ते टिकतं, कारण आता त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं.

याची उलट बाजूही तितकीच खरी. 'बिचारा पाड्यावरचा आहे, त्याला कशाला व्याकरण' असं म्हणणारे दयाळू लोकही मी पाहिले. ती दया नव्हे. त्यानेही दार बंदच होतं, फक्त आवाज होत नाही. नातू आपल्या मित्राला सेटअप भरून देत होता ते प्रेमानेच. पण त्यामुळे तो मुलगा प्रत्येक वेळी नातवावर अवलंबून राहिला आणि कोणी टोमणा मारला तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

भाऊंनी मुलाला परत पाठवलं. मी एक दोनशे पानी वही आणली आणि दोघांना सांगितलं, "आता माझ्या पद्धतीने अभ्यास." नियम तीनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलल्यावर दहा फेऱ्या मारायच्या, कमी नाही. आणि पडद्यावरचा आकडा लिहायच्या आधी गाडी कशी वाटली ते मराठीत लिहायचं. इंग्रजी शब्द चालतील, पण वाक्य मराठी.

मोंझाचा ट्रॅक घेतला. ५.७९३ किलोमीटरचा. लांबलचक सरळ रस्ता, मग एकदम ब्रेक आणि लगेच उजवी-डावी अशी चिंचोळी नागमोड. मित्राची गाडी तिथेच फिरायची. पहिल्या दिवशी त्याने वहीत लिहिलं, "गाडी शेपूट मारते." मी मास्तरीण, मी कुठली सोडते! विचारलं, "कधी मारते?" पुन्हा चालवून आला. "ब्रेक अजून सोडला नाही आणि स्टेअरिंग वळवायला घेतलं, की तेव्हा." "आणि वळणातून बाहेर पडताना?" "तेव्हा नाही मारत."

बस्स! एवढं वाक्य मिळालं आणि नातवाचे डोळे चमकले. बाहेर पडताना मारत नाही, फक्त ब्रेकवर असताना मारते, म्हणजे मागच्या चाकांवर ब्रेकचा जोर जास्त जातोय. विंगचा किंवा स्प्रिंगचा त्यात दोष असलाच तर नंतर पाहू. ब्रेक बायस थोडा पुढे सरकवला. दहा फेऱ्या. शेपूट निम्म्याने कमी. दुसऱ्या दिवशी मागचा अँटी-रोल बार एक घर सैल केला. दहा फेऱ्या. वहीत नोंद : "आता शेपूट नाही, पण तोंड उशिरा फिरवते." पुन्हा एक घर मागे. तिसऱ्या दिवशी टायरमधली हवा पाहिली, तर ती वर गेलेली होती, तीही उतरवली.

चमत्कार झाला असं सांगणार नाही. फेरीची वेळ सेकंदभरानेच सुधारली असेल. पण पुढच्या शर्यतीत पहिल्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत त्याची गाडी एकदाही फिरली नाही. त्याहून मोलाचं मला जे वाटलं ते असं : आता नातू सेटअप भरायला बसला की मित्र मधेच म्हणतो, "थांब, ते नको बदलू, त्याने तोंड उशिरा फिरेल." आकडे नातवाचे, कान मित्राचा. दोघांपैकी एकालाच सगळं येत नाही आणि त्याची गरजही नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम नातवाला दाखवून दिली. ठरीव सेटअपच्या शर्यतींतही अनेक गाड्यांमध्ये ब्रेक बायस चालवता चालवता बदलता येतो. म्हणजे ज्याला आपली गाडी ओळखता येते, त्याला तिथेही फायदा आहे. 'मी फक्त ठरीवच खेळतो, मला काय करायचंय' हे म्हणणंसुद्धा पुरतं खरं नाही.

तर माझं मत सांगून टाकते. शर्यतीत उतरायला सेटअपचं ज्ञान ही अट नको. अट घातली की बाहेर कोण राहतं हे मी शाळेत पुरेसं पाहिलंय. पण जो रोज चालवतो, ज्याला त्यात रस आहे, त्याला 'तुला कशाला हवंय ते' असंही कोणी सांगू नये. त्याला कॅम्बरचे अंश पाठ नसले तरी चालतील. गाडी कुठे आणि केव्हा दगा देते हे मात्र त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायला शिकावं. ते आलं की बाकीचं तो विचारून घेईल, वाचून घेईल, नाहीतर जाणकार मित्राला सांगून करवून घेईल. उतरवून घेतलेला सेटअपही मग चालेल, कारण तो कुठे जुळतो आणि कुठे नाही हे ओळखणारा माणूस आता गाडीत बसलेला असेल.

२०२२ च्या डिसेंबरात सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. आज ना उद्या शाळा-महाविद्यालयांतही हे येईल. तेव्हा मुलांना शिकवणाऱ्यांनी एवढं करावं, पोरांच्या हाती आकड्यांचा तक्ता देण्याआधी एक कोरी वही द्यावी.

त्या टोमणा मारणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. तो आहे अजून. मागच्या शर्यतीनंतर त्यानेच विचारलं म्हणे, "मोंझाला तुझी गाडी इतकी स्थिर कशी राहते, सेटअप पाठव ना." नातू म्हणाला, "नको देऊस." मित्राने मात्र दिला. आणि सोबत लिहिलं, "आधी दहा फेऱ्या मार, आणि तुझी गाडी कुठे शेपूट मारते ते सांग. मग बघू."